साठ्यांकडचं पातळ

"ही खूण तुझी का?" हवालदाराने विचारले.

गुणाजी इस्त्रीत कोळसे भरत होता. त्याने हात लुंगीला पुसले आणि पुढे झाला. हवालदाराने वर्तमानपत्राची पुडी उलगडून फळीवर ठेवली. आत चार बोटे रुंदीची कापडाची पट्टी होती. मोतिया रंग, जांभळा काठ. वर खाडीचा करडा गाळ सुकून कडक झाला होता, पण कोपऱ्यातली बिब्ब्याची खूण स्वच्छ दिसत होती. दोन ठिपके आणि त्यांच्याखाली आकडा. बिब्ब्याचा रस एकदा कापडात शिरला की कापड फाटेपर्यंत राहतो, म्हणून तर परीट त्यानेच खुणा घालतात.

"माजीच," गुणाजी म्हणाला. "म्हंजे दुकानाची खूण माजी, कपडा साठ्यांचा."

"साठे कोण?"

"हितंच, दत्ताच्या देवळामागं. त्र्यंबकराव साठे. रेल्वेच्या हापिसात हायत. का वो हवालदार?"

हवालदाराने पिवळी टोपी काढून घाम पुसला. "कोलशेतच्या अंगाला खाडीत बाई मिळाली. तोंडावरनं ओळखण्यासारखं काही राहिलं नाही. ठाण्यातले सगळे परीट विचारून झाले, कल्याणला गेलो. तिथला एक जण म्हणाला, असा आकडा डोंबिवलीचा गुणाजी घालतो. चल, घर दाखव."

गुणाजीने इस्त्रीतले कोळसे परत काढले. साठ्यांच्या घरात पातळ नेसणारी बाई एकच, शुभदावहिनी. माई, म्हणजे तिची सासू, विधवा, लाल आलवणात असायची. वहिनींना दिवस गेले होते. ही गोष्ट अजून शेजारीपाजारीसुद्धा कुणाला ठाऊक नव्हती. पण परटिणीला अशा गोष्टी आधी कळतात. सगुणाने दोन महिन्यांपूर्वीच नवऱ्याला सांगितले होते, "वैनींचं बाजूला बसायचे कपडे यायचं बंद झालंय. तू कुठं बोलू नको. मागचं एक गेलंय त्यांचं."

त्याने दुकानाला कुलूप लावले. वाटेत त्याच्या मनात एकच विचार होता, सगुणा आली की तिला हे कसे सांगायचे. तिचा वहिनींवर फार जीव. ती खाडीपलीकडे बहिणीच्या गावी, भाचीच्या लग्नाला गेली होती. तीन दिवसांपूर्वीच यायची होती, पण हळद उतरेपर्यंत ठेवून घेतली असेल म्हणून तो स्वस्थ होता. ती निघाली तेव्हा तो पहाटेपासून तळ्यावर धुणे आपटत होता. घरी परतला तर भाकरी झाकून ठेवलेली होती आणि ती गेलेली होती.

साठ्यांचे दार लोटलेले होते. हवालदाराने कडी वाजवली. शुभदावहिनींनी दार उघडले.

"वैनी!" गुणाजी ओरडलाच. "तुमी हायत! देवा, तुमी हायत!" आणि तो चक्क हसायला लागला. हवालदाराकडे वळून म्हणाला, "ह्याच त्या. बघा, धडधाकट हायत."

"काय झालं, गुणाजी?" वहिनी गोंधळून म्हणाल्या.

आतून माई आल्या. हवालदाराने खाडीतल्या बाईचे सांगून पट्टी पुढे केली. माईंनी हात मागे घेतले आणि लांबूनच वाकून पाहिले.

"अगं शुभदा, हे तर तुझं चोरओटीचं पातळ! मी तिसऱ्या महिन्यात ओटीत घातलेलं! मागच्या आठवड्यात परटाकडे टाकलं होतंस ना?"

शुभदावहिनींनी तोंड उघडले आणि मिटले. त्यांनी गुणाजीकडे पाहिले. गुणाजी अजून हसत होता. मग त्याचे हसणे तोंडावरच राहिले आणि आतून सगळे निघून गेले. पातळ साठ्यांकडे नव्हते. म्हणजे ते त्याच्या घरी होते. आणि त्याच्या घरात बाईही एकच.

"म्हणजे तुझ्या बायकोनं नेसलं!" माई म्हणाल्या. "लोकांच्या सुनांच्या ओटीतलं पातळ नेसून ही लग्नाला मिरवायला गेली! चोरून! अरे, मेली तीसुद्धा त्यात, माझ्या सुनेच्या पोटावर अवदसा आणून."

"माई, अहो," शुभदावहिनी एवढेच म्हणाल्या.

"तू आत हो. दारात उभी राहू नकोस. या दिवसांत काय काय बघायचं लिहिलंय."

वहिनी आत गेल्या. गुणाजी पायरीवर बसला. हवालदाराने त्याच्या खांद्याला हात लावला, तेवढाच.

पुढे समजले ते असे. लग्न लागल्यावर सगुणा दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला निघाली. धाकू नावाच्या होडीवाल्याने तिला एकटीलाच घेतले. ओहोटीच्या धारेला होडी कलंडली. धाकू पोहून निघाला आणि भिऊन दोन दिवस गवताच्या गंजीत लपून राहिला. पलीकडच्यांना वाटले, सगुणा घरी पोचली. गुणाजीला वाटले, ठेवून घेतली. पाण्याने तिला कोलशेतला, म्हणजे बाळकुमच्या शिवेला, नेऊन लावले. बाळकुम तिचे माहेर.

तिची आई सखुबाई ठाण्याच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात हिरवे लुगडे घेऊन बसली होती. "म्हायेराला आयली रं माजी पोर," ती म्हणाली. "पन अशी आयली." सगुणाला हिरवे लुगडे गुंडाळले, कुंकू लावले. नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईचे जे जे करतात ते केले. नेसूचे पातळ पोलिसांनी पंचनाम्याला ठेवून घेतले होते.

तेराव्यानंतर गुणाजीने दुकान उघडले. कामे दोघांची होती, आता ती एकट्यावर आली. भट्टी लावणे, आपटणे, इस्त्री ही त्याची. कपडे निवडणे, खुणा घालणे आणि नीळ-खळ सगुणाची. बिब्बा तापवून सुईने खूण घालताना तिची बोटे भाजायची. उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळे वण कायमचे होते. दोघांनाही अक्षर येत नव्हते. पण कुठले धोतर कुठल्या घरचे हे ती अंधारात बोट फिरवून सांगायची.

निवडताना ती बोलायची. गिऱ्हाईक कपडा टाकून म्हणायचे, "हा डाग बघ ग, निघेल ना?" गिऱ्हाइकाला सगळाच डाग. भाजीचा डाग, शाईचा डाग, पानाचा डाग. सगुणा तो शब्द कधी उच्चारायची नाही. म्हणायची, "डाग म्हटलं की मानूस घाबरतं, आन् कपडापन घाबरतो." तिचे दोनच शब्द होते, पाहुणा आणि जावई. आमटीचा ओघळ पाहुणा, दोन पाण्यांत वाटेला लागणार. हळद जरा अवघड पाहुणा. साबण बघितला की लाल होऊन बसते, पण उन्हात घातली की आपली निघून जाते. गंज लिंबू-मिठाने जातो. केळीचा चीक मात्र जावई. एकदा आला की घर सोडत नाही, मानाने वागवायचा. "गुणाजीराव," ती कपडा नाचवत म्हणायची, "जावई आलेत, पाट मांडा." आणि स्वतःच हसायची.

आता निवडताना तो गप्प बसायचा. आणि कपडेही कमी येत होते. साठ्यांनी तर बंदच केले होते. माईंनी भटजी बोलावून घरात शांत करून घेतली होती आणि सगुणाने पातळ चोरले असे ज्याला त्याला त्या सांगत होत्या. पोस्टाजवळची सरोजबाई आपल्या साड्या मोजून देताना हसत म्हणाली, "नीट ठेव हो गुणाजी. नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला जातील माझ्याआधी." आजूबाजूच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. गुणाजीने साड्या गाठोड्यात बांधल्या.

एके दिवशी कल्याणचा दौलत परीट सोडा घ्यायला आला तो बसला. हवालदाराला खूण ओळखून देणारा तोच.

"मी काय मुद्दाम सांगितलं नाय रे," दौलत म्हणाला. "मला वाटलं, कुनी गिऱ्हाईक असंल."

"तू काय करनार. खूण तर हायच."

"आन् नेसली तर नेसली. आपल्यात कोन नेसत नाय? माजी आई नेसायची, बायको नेसते. धुवायच्या आधी नेसायचं, धुतलेलं नेसायचं नाय, येवडा धरम पाळला म्हंजे झालं. फकस्त सापडायचं नसतं."

"ती नाय नेसायची."

"आरं, तू तळ्यावर. तुला काय ठावं?"

"वीस वरसं झाली, दौलत. एकदा नाय नेसली. लोकांचा पदर अंगावर घेतला की अंग खाजतं म्हनायची."

"मंग त्या दिवशी का नेसली?"

गुणाजीने सोड्याच्या पोत्याचे तोंड सुतळीने आवळले. दौलतने तंबाखू मळली. "आरं, आता लोक म्हनतात परटाच्या घराला डाग लागला. म्हनू दे. चार म्हैन्यानं इसरतात. कपडे काय घरी धुनार हायत का भट-बामनं?"

तो शब्द गुणाजीने आयुष्यभर दिवसातून पन्नास वेळा ऐकला होता. माणसाला लावलेला तो आपल्या दारात कधी ऐकला नव्हता.

खरे दुःख लोकांचे नव्हतेच. खरे हे होते की त्यालाही ठाऊक नव्हते. रात्री भिंतीकडे तोंड करून निजताना त्याला सगुणा दिसायची ती दोन तऱ्हांनी. एकीत ती गाठोडे सोडून मोतिया पातळ हळूच बाजूला काढते, इकडेतिकडे बघते. दुसरीत ती अशी मुळी नसतेच. कधी ही खरी वाटायची, कधी ती. त्यामुळे त्याला धड रडताही येईना. आपण रडतो ती बाई कोण, हेच आधी ठरेना.

आषाढात पोलिसांनी पातळ परत दिले. एका बाजूला पट्टी कापलेली, बाकी गाळाने माखलेले. गुणाजीने ते दुसऱ्या कपड्यांबरोबर भट्टीत घातले नाही. वेगळे भिजवले, तळ्यावर नेऊन वेगळे धुतले, पुन्हा भिजवले. खाजणाचा गाळ नुसता मातीचा नसतो, त्यात मीठ असते, कुजलेली पाने असतात. वरचा सगळा गेला. काठाला लागून एक करडी झाक राहिली, ती लिंबाला दाद देईना, उन्हाला देईना. इस्त्री करून, घडी घालून तो ते साठ्यांकडे घेऊन गेला.

माईंनी उंबरठ्याच्या आतूनच हात हलवला. "नको रे बाबा. घरात आणू नकोस ते. जाळून टाक."

त्याने जाळले नाही. घरी आणून सगुणाच्या पेटीत ठेवले.

श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी माई शिवाच्या देवळात कीर्तनाला गेल्या होत्या. दुकानाच्या मागच्या दाराने शुभदावहिनी आल्या. पोट दिसू लागले होते. चालून दम लागला होता. गुणाजीने बाकावरचे कपडे काढून जागा केली. त्या बसल्या नाहीत.

"गुणाजी, ते पातळ मी दिलं होतं."

गुणाजीच्या हातात इस्त्री होती. त्याने ती उभी करून ठेवली.

"ती धुण्याचं गाठोडं न्यायला आली ना, तेव्हा तशीच लग्नाला निघाली होती. लुगडं पाठीकडे जोडलेलं, ठिगळ दिसत होतं. मी म्हटलं, अगं भाचीचं लग्न, अशी काय जातेस? हे पातळ नाहीतरी धुवायला टाकायचंच आहे. नेसून जा, आली की धुऊन दे. नको म्हणाली. परत नको म्हणाली. मग मी शपथ घातली. म्हटलं, माझं ऐकलं नाहीस तर माझ्या बाळाची शपथ आहे तुला. तेव्हा घेतलं तिनं. माई आत निजल्या होत्या. आमच्याच न्हाणीघरात नेसली. मी निऱ्या सारख्या करून दिल्या."

गुणाजी उभाच होता. त्याने विचारले, "कशी दिसत हुती?"

शुभदावहिनींना रडू आले. "छान दिसत होती. आरशात बघितलं आणि म्हणाली, वैनी, ही कोन भटीण आली?"

गुणाजी हसला. सगुणाच असे बोलेल, दुसरे कुणी नाही. हसता हसता त्याने तोंडावर पंचा धरला, आणि मग कितीतरी वेळ तो पंचा त्याने काढला नाही. वहिनी खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या.

"ते पातळ पायात अडकलं असेल का हो?" त्यांनी हळूच विचारले. "मला रात्र रात्र तेच वाटतं. लुगडं असतं तर..."

"लुगडं असतं तरी अडकलंच असतं. धारेला कापड कसलं हाय हे बघत नाय पानी. तुमी तसं मनात आनू नका. पोटुशी बाईनं तर नायच."

मग तो म्हणाला, "पर वैनी, त्या दिवशी दारात बोलला का नाय?"

"बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. माईंनी ते पातळ माझ्या ओटीत घातलेलं. मागचं एक गेलं, तेव्हापासून त्या कशाकशाला भितात. ओटीतलं पातळ मी स्वतः उचलून दिलं, आणि दिलं ती त्यात मेली, हे कळलं तर त्या मला घरात ठेवतील का? हे तर त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत." त्यांनी पोटावर हात ठेवला. "आणि मलाही भीती वाटते. खोटं कशाला सांगू?"

"लोक तिला चोर म्हनतात, वैनी."

"ठाऊक आहे मला."

"मी सांगू का माईंना?"

"तुम्ही सांगितलंत तर त्या म्हणतील, बायकोला झाकतोय. मला विचारतील. आणि आत्ता मला विचारलं तर..." त्या थांबल्या. "बाळंतपण होऊ द्या, गुणाजी. एवढं एक होऊ द्या. सुखरूप झालं की मी स्वतः सांगेन. माईंना सांगेन, आळीत सांगेन. तोवर तुम्ही बोलू नका. पाया पडते."

"पाया नका पडू," गुणाजी घाईने म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. हुईपर्यंत मी नाय बोलत."

त्या मागच्या दाराने गेल्या. त्या रात्री सगुणा गेल्यापासून पहिल्यांदाच गुणाजीला एकच सगुणा दिसली, न्हाणीघरात निऱ्या खोचणारी.

दुसऱ्या रविवारी तो बाळकुमला गेला. सखुबाई अंगणात सुकी मासळी पालथी करत होती. तिच्याजवळ त्याला राहवले नाही. सगळे सांगून झाल्यावरही म्हातारीने मासळीवरून डोके वर उचलले नाही.

"माजे पोरीचा माला सांगतंस?" ती म्हणाली. "माला काय ठावं नव्हता? मी कवा इचारला तुला?"

"तसं नाय, आई..."

"ज्यांनी चोर म्हनलां त्यांना सांग. न् तू नको सांगूस. जिनं दिला तिनं सांगावा."

आश्विनात शुभदावहिनी बाळंतपणाला पेणला माहेरी गेल्या. दिवाळीनंतर बातमी आली, मुलगा झाला, दोघेही सुखरूप. माईंनी आळीत पेढे वाटले. परटाच्या दुकानीही द्रोणातून दोन पाठवले. गुणाजीने एक खाल्ला, एक सगुणाच्या पेटीवर ठेवला. मुंग्या लागल्या तेव्हा उचलला.

पौषात वहिनी परत आल्या. त्यांना बघायला बायकांची रीघ लागली. गुणाजी त्या दारावरून रोज गाठोडे घेऊन जायचा, चाल जरा सावकाश करायचा. आता हाक येईल, मग हाक येईल. बारसे झाले. संक्रांत झाली. बाळाला हलव्याचे दागिने घातले, बोरन्हाण केले. आळीत कुणी त्याच्याशी निराळे बोलले नाही. सरोजबाई साड्या मोजूनच देत होती.

माघात एक दिवस माईंची हाक आली. "अरे गुणाजी, थांब जरा."

तो अंगणात उभा राहिला. माईंच्या हातात गाठोडे होते. "तो नवा परीट अगदीच वेंधळा आहे. कपडे पिवळे करून आणतो. हे तू घेऊन जा बाबा. दुपटी वेगळी धू, ऊन ऊन पाण्यात." त्यांनी एक दुपटे उलगडून दाखवले. "हे बघ, बाळघुटीचा डाग पडलाय. निघेल ना रे?"

"निघंल," गुणाजी म्हणाला.

शुभदावहिनी मुलाला खांद्यावर घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. चांगल्या भरल्या होत्या. मूल गोरेपान, टाळू तेलाने चमकत होती. गुणाजीने त्यांच्याकडे पाहिले.

"तुझी सगुणा असती ना," माई दुपटे घडी करत म्हणाल्या, "तर नुसतं बघून सांगितलं असतं, कशाचा आहे नि कशानं जाईल. हात चांगला होता हो तिचा. जिभेनंही गोड. तेवढं एक सोडलं तर नाव ठेवायला जागा नव्हती."

वहिनींनी मुलाच्या पाठीवर थोपटायला सुरुवात केली. त्यांचे ओठ हलले, असे गुणाजीला वाटले. तो थांबला. गाठोडे त्याने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले आणि आणखी थांबला.

"माई," तो म्हणाला.

"काय रे?"

त्याने पुन्हा दाराकडे पाहिले. वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. मुलाचे टोपडे सारखे करत होत्या, आणि बंदाची गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती.

"काय नाय. दुपटी बेस्तरवारी आनतो," गुणाजी म्हणाला.

"आण. आणि खळ घालू नकोस हं, पोराला टोचेल."

मूल रडू लागले. वहिनी आत गेल्या.

त्यानंतर साठ्यांचे धुणे पुन्हा गुणाजीकडे येऊ लागले, त्यांच्यामागोमाग आळीचेही आले. पुढे वहिनींना मुलगी झाली. तो मुलगा शाळेत जाऊ लागला. त्याच्या सदऱ्यांवर दोन ठिपके आणि आकडा गुणाजीच घालतो. बिब्ब्याने बोटे भाजतात. माई थकल्या आहेत, पण अजून ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. ते पातळ सगुणाला शुभदावहिनींनी दिले होते, हे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही.